आपा 'उठा' म्हणेपर्यंत

बसा. कुठंही बसा, फक्त त्या लोखंडी पायांच्या खुर्चीवर नको. ती कुणाची आहे ते ओघात येईलच. चहा ठेवलाय. दिवे गेलेत म्हणून कंदील लावला आहे, आमच्या उमरखेडात हे नवं नाही.

तर त्या रविवारी सकाळी मी घरातून निघाले ती डिझेल आणायला. हातात प्लास्टिकचा कॅन. पंपावरच्या ओळखीच्या माणसानं विचारलं, "वकीलबाई, तुमची गाडी तं पेट्रोलची आहे ना?"

"सिनेमा पाहायचा आहे," मी म्हटलं. तो हसला. मी कोर्टात हसत नाही हे सगळ्या गावाला माहीत आहे, त्यामुळे मी काही बोलले की लोक विनोद समजतात. पण मी खरंच सांगत होते. नूर टॉकीजची वीज केव्हाच तोडली होती आणि सोमवारी तिथं जेसीबी लागणार होता. त्याआधी मला एक रीळ चालवायचं होतं. त्यासाठी जनरेटर भाड्यानं घेतला होता आणि जनरेटर पाण्यावर चालत नाही.

नूर टॉकीज तुम्ही पाहिलेली नाही. बस स्टँडच्या मागच्या गल्लीत, वखारीला लागून होती. आठवडाभर मारधाडीचे सिनेमे. रविवारी सकाळी दहाला मात्र मंडळाचा खेळ. हे मंडळ माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, तहसील कचेरीतली कारकुनी सांभाळून काढलेलं. बंगालचे, जपानचे, कुठल्या कुठल्या थंड देशांचे सिनेमे. डबे यायचे एसटीच्या टपावरून. अण्णा स्टँडवर जाऊन ते स्वतः उतरवून घ्यायचे, जावयाची बॅग घ्यावी तसे.

आता म्हणाल, उमरखेडात जपानी सिनेमा कुणाला कळणार? खाली इंग्रजी अक्षरं यायची, ती वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यावर तोड होती नसरीन आपा. टॉकीजच्या मालकांची बहीण, उर्दू शाळेत शिकवायची. पडद्यावर खेळ सुरू झाला की आपा वरच्या प्रोजेक्टरच्या खोलीत छोट्या खिडकीशी स्टुलावर बसून माइकवर सांगायची. आपल्या बोलीत. "आता म्हातारी उठून राह्यली बरं का. बाहेर पाणी आलं. घाबरू नका, अजून पायरीखालीच आहे." असं. शब्दाला शब्द ठेवायची नाही, पण कधी चुकायचीही नाही.

सदाशिवराव मास्तर पहिल्या रांगेत उपरण्यानं डोळे पुसायचे. कांताबाई भाजीची टोपली घेऊनच आत यायची आणि जपानी सुनेच्या सासूला मोठ्यानं शिव्या घालायची. विमलताई नर्स रात्रपाळी करून सरळ इकडे. उन्हाळ्यात दारांना खसाचे पडदे, त्यावर पाणी मारलेलं. शेंगदाण्याची टरफलं पायाखाली. माझा त्या जागेवर जीव होता. अजून आहे.

त्या हॉलचा एक नियम होता. खुर्च्या लाकडी होत्या, पाय तेवढे लोखंडी. माणूस उठला की बसायची फळी आपोआप वर जायची आणि खट् करून पाठीला आदळायची. शेवटी शेवटी लोक उठायला लागले की खटखटाटात आपाचं सांगणं ऐकूच यायचं नाही. मग आपानं सांगून टाकलं, मी 'उठा' म्हणेपर्यंत कुणी उठायचं नाही. आणि गाव ते पाळायचं, अगदी मशिदीत नाहीतर देवळात पाळावं तसं. खेळ संपला की आपा म्हणायची, "झालं. आता उठा. सांभाळून घरी जा." मगच सगळ्या खुर्च्या एकदम वाजायच्या.

मी अण्णांच्या शेजारी बसायची, डाव्या हाताला. पाय जमिनीला पुरायचे नाहीत. मग ते हलायचे आणि टाच खुर्चीच्या लोखंडी पायावर लागायची. टक... टक... टक. अण्णा न बघता माझ्या गुडघ्यावर हात ठेवायचे. मी थांबायची.

आणि मग तो रविवार. मी सात-आठ वर्षांची असेन. सिनेमा होता धरणात बुडणाऱ्या गावाचा. परदेशातलं गाव, पण पैनगंगेच्या धरणात गावं गेलेली माणसं आमच्याकडेही होती, त्यामुळे हॉल गच्च भरलेला. गावातले सगळे निघून जातात, एक म्हातारी जायला तयार नाही. रोज घर झाडते. शेवटचं रीळ लागणार, तेवढ्यात आपा बोलता बोलता थांबली. माइकमधून काहीतरी पडल्याचा आवाज आला. पडद्यावर म्हातारी दारात उभी, आणि सांगणारं कुणी नाही.

अण्णा ताडकन उठले. मला म्हणाले, "तू इथंच बस. मी सांगेपर्यंत उठू नको." आणि वर धावले.

आपा गेली होती. हृदय बंद पडलं, असं नंतर डॉक्टर म्हणाले. गोंधळात लोक कसेबसे बाहेर पडले. मला विमलताईंनी उचलून घरी नेलं. खेळ अर्धा राहिला तो राहिलाच. मंडळ तिथंच मोडलं. बाकीचे डबे परत गेले, शेवटचं रीळ मशीनवर चढवलेलं होतं ते तसंच राहून गेलं आणि ते मागणाराही पुढे कुणी उरला नाही.

अण्णांना आता दिसत नाही. काचबिंदूनं दोन्ही डोळे नेले. गेल्या उन्हाळ्यात नूर टॉकीज पाडायचं ठरल्याचं कुणीतरी त्यांना सांगितलं, आणि त्यांनी जेवण सोडल्यासारखं केलं. विचारलं तर म्हणाले, "मले त्या म्हातारीचं काय झालं ते ऐकायचं आहे. मरायच्या आधी."

तो सिनेमा मोबाइलवर शोधला, नाही सापडला. सापडला असता तरी त्यांना तो तिथंच हवा होता. मग मीही ठरवलं. एकदा ठरवलं की मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही, आणि इथं तर बापच मागत होता.

टॉकीज आता मालकांच्या नातवाकडे, जमीरकडे. भला माणूस. म्हणाला, "घ्या किल्ली, वकीलबाई. सोमवारपासून माझ्या हातात काही नाही." राहिला वाहिदचाचा, मशीन चालवणारा. तो नमाज आटोपून ओट्यावर बसला होता. रिळाचं नाव काढताच त्यानं मान हलवली.

"ते नको, बेटा. दुसरं कोणतंही लाव म्हण."

"काहून?"

"आपा गेल्यावर एकदा लावलतं मी. एकटाच होतो, भरदुपारी." मग हळूच म्हणाला, "खिडकीतून खाली पाह्यलं. तेव्हापासून नाही लावलं."

"काय होतं खाली?"

"आपाने 'उठा' म्हटलंच नाही ना त्या दिवशी..."

एवढंच. मी त्याला खूप समजावलं. अण्णांचं वय सांगितलं, जेवण सोडल्याचं सांगितलं. शेवटी तो तयार झाला, पण एका अटीवर. मी त्याच्याबरोबर वर खोलीत थांबायचं. "मले एकट्याले तिथं ठेवू नको." मला ते चालणारच होतं. भोंगे उंदरांनी खाल्ले होते, माइक नव्हता, सिनेमाचा आवाजही यायचा नाही. मी आपाच्या खिडकीतून मोठ्यानं सांगणार आणि अण्णा खाली बसून ऐकणार. रिकाम्या हॉलमध्ये आवाज घुमतो.

तर त्या रविवारी दहाच्या सुमाराला आम्ही आत गेलो. बाहेर ऊन मी म्हणत होतं. दार लावून घेतलं आणि आत एकदम काळोख. टॉकीजमध्ये दिवस नसतोच हे मी विसरले होते. वाघुळांचा वास, ओल्या पुठ्ठ्याचा वास, आणि कुठंतरी खोल, अगदी पुसट, भिजलेल्या खसाचा. पडदे तर केव्हाच फेकले होते. मी बॅटरी फिरवली. सगळ्या खुर्च्यांच्या फळ्या वर, धुळीनं पांढऱ्या. एकही खाली नव्हती. हे मी नीट पाहिलं आहे, पुरावा बघायची सवय आहे मला.

अण्णांनी हातानं चाचपत आपली रांग काढली, आपली खुर्ची काढली. बसले. चेहरा इतका उजळला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"जा वर," ते म्हणाले. "आणि आपावाणी सांग. पुस्तकी नको."

वर वाहिदचाचानं मशीनला हात लावून तो कपाळाला लावला. मागच्या अंगणात जनरेटर गुरगुरत होता. दिवा पेटला, चाकं फिरायला लागली आणि झोत धुळीतून पडद्यावर गेला. म्हातारी दारात उभी होती. जिथं सोडून गेलो होतो, तिथंच.

"आता म्हातारी दारात आहे," मी खिडकीतून सांगायला लागले. "पाणी अंगणात आलं. कोंबड्या कौलावर जाऊन बसल्या..."

खालून, कुठूनतरी, आवाज आला. टक.

मी थांबले. जनरेटर असेल. "म्हातारी झाडू घेऊन राह्यली. पाणी आलं तरी झाडून राह्यली..."

टक... टक... टक.

वाहिदचाचानं माझ्याकडे पाहिलं. त्याच्या कपाळावर घाम होता. "खाली नको पाहू," तो कुजबुजला.

मी पाहिलं. मी पाहणारच होते.

पडद्याच्या उजेडात रांगा दिसत होत्या. पुष्कळशा खुर्च्यांच्या फळ्या खाली होत्या. पहिल्या रांगेत मास्तरांची. दाराजवळची, जिथं टोपली ठेवायला जागा असायची ती. भिंतीकडची, विमलताईंची. त्यावर कुणी नव्हतं. शपथेवर सांगते, कुणी नव्हतं. पण फळ्या खाली होत्या, आणि त्या खुर्च्यांची फळी माणूस बसल्याशिवाय खाली राहत नाही. अधूनमधून एखादी खुर्ची वर. मग माझ्या ध्यानात आलं... त्या वरच्या खुर्च्या अजून जिवंत असलेल्यांच्या होत्या.

मधोमध अण्णा बसलेले. ताठ, मान जरा तिरकी, ऐकत. त्यांचा डावा हात शेजारच्या खुर्चीवर होता. फळीवर नाही, फळीच्या थोडा वर. टक टक थांबली होती.

पळून जावं असं वाटलं. खोटं कशाला बोलू? पण अण्णा खाली होते आणि त्यांना शेवट ऐकायचा होता. मी खिडकीची चौकट धरली आणि सांगत राहिले.

"म्हातारीनं दार चौकटीतून काढलं. एकटीनं. आता ते पाठीवर घेऊन राह्यली... मधेच थांबली. मागे वळून रिकाम्या घराकडे पाहून राह्यली."

आणि इथं रीळ खराब होतं. खालची अक्षरं ओरखड्यांनी खाल्लेली. म्हातारीचे ओठ हलत होते, ती घराला काहीतरी म्हणत होती, एकेक करून कुणाला तरी हाका मारत असावी, पण काय ते वाचता येईना. मी गप्प राहिले. काय सांगणार?

तेवढ्यात खट्.

पहिल्या रांगेतली फळी वर गेली. म्हातारीचे ओठ पुन्हा हलले. दाराजवळची. खट्. मग भिंतीकडची. खट्... खट्... एकेक, न घाई करता, हाक ऐकून माणसं उठावीत तशा. आणि खाली अण्णा प्रत्येक आवाजाला मान डोलवत होते. माझ्या शेजारी, आपाचं स्टूल जिथं असायचं तिथं, हवा एकदम गार झाली होती. मी मान वळवली नाही. हट्टी असले तरी मूर्ख नाही मी.

मग ओरखडे संपले. म्हातारी दार पाठीवर घेऊन टेकडी चढली. वर उघड्या माळावर दगड रचून तिनं ते दार उभं केलं. भिंत नाही, छप्पर नाही, नुसतं दार. ते उघडून ती पलीकडे गेली आणि मागे ते लावून घेतलं. खाली सगळं पाणी. संपलं.

हे सगळं मी सांगितलं. मग घसा खाकरला आणि आपाचे शब्द म्हटले. "झालं. आता उठा. सांभाळून घरी जा."

रिळाची शेपटी चाकावर फटफट वाजत राहिली. हॉलमधली एकही खुर्ची वाजली नाही, फक्त अण्णांची. ते उठून उभे राहिले होते. वाहिदचाचा भिंतीला टेकून काहीतरी पुटपुटत होता. मी जिन्यावरून धडपडत खाली गेले.

बॅटरी मारली. सगळ्या फळ्या वर होत्या. एक सोडून. अण्णांच्या डाव्या हाताची.

"फार छान सांगतलं," अण्णा म्हणाले. त्यांचे गाल ओले होते. "पण मधात आवाज काहून बदलला?"

"कुठं?"

"नावं घेतली ना तू. सदाशिवराव, कांताबाई, विमलताई... सगळ्याइले बोलावलं. मले वाटलं आपाच आली."

"माझं नाव घेतलं?" मी विचारलं. का विचारलं, कोण जाणे.

"तुझं कसं घेईन ती?" अण्णा सहज म्हणाले, आणि तो डावा हात त्यांनी पुन्हा त्या फळीच्या वर ठेवला. "तुले तं मी बसवलं होतं."

सोमवारी टॉकीज पडली. खुर्च्या भंगारवाल्यानं नेल्या. एका खुर्चीची फळी दोघा जणांनी ओढूनही वर जाईना, स्प्रिंग गंजली असेल म्हणाला. तीच मी घरी आणली. हो, हीच. अण्णांच्या खाटेला लावून ठेवली आहे.

मी अण्णांना रोज म्हणायची, "म्हणा ना, ऊठ म्हणून. त्या दिवशी राहून गेलं ते. तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाचं ती ऐकणार नाही." मी वकील आहे, माणसांकडून वदवून घेणं हा माझा धंदा. पण अण्णा हसायचे.

"म्हटलं तं जाईन कुठं ती? तू तं मोठी झाली. ही बसली आहे तं बसू दे. मले दिसत नाही, पण ही असली की दिसल्यावाणी वाटते."

मी चिडायची, भांडायची. मग रविवारी खुर्चीसमोर बसून त्यांना एखादा सिनेमा सांगायची, जसा आठवेल तसा. शेवटी "झालं, आता उठा" म्हणायची. अण्णा पडल्या पडल्या टाळी वाजवायचे. फळी हलायची नाही.

मागच्या महिन्यात अण्णांना झटका आला. डावी बाजूच तेवढी गेली असं आधी वाटलं, पण वाचाही गेली. डॉक्टर म्हणाले, आता बोलणं परत येणं कठीण, आणि डावा हात तर गेलाच समजा. तेव्हापासून मी रोज त्यांच्या खाटेशी बसते. ओठ बघत. एक शब्द हवा आहे मला, दोन अक्षरांचा. त्यांच्या तोंडून तो काढल्याशिवाय मी त्यांना जाऊ देणार नाही. ते गेले तर तिला सांगणारं कुणी उरणार नाही, आणि मग माझं काय होणार, मी गेल्यावर कुठं जाऊन बसणार, हे मला नीट कळतं. मी हट्टी आहे. पण तीही मीच ना. सांगितल्याशिवाय उठायची नाही.

चहा गार झाला तुमचा. थांबा, लगेच उठू नका...

ऐकलंत? टक. नाही, घड्याळ बंद आहे. पुन्हा आला बघा. टक... टक.

कंदील जरा इकडे धरा. अण्णांकडे. चेहऱ्यावर नको, झोपलेत ते. त्यांचा डावा हात बघा, डॉक्टर म्हणाले तो. मघाशी तुम्ही आलात तेव्हा मी स्वतः तो चादरीच्या आत घेतला होता. आता खुर्चीवर आहे.

फळीला टेकलेला नाही. खाली आधार काहीच नाही. बघा, वर तसाच ठेवलेला आहे, लहान पोरीच्या गुडघ्याइतका उंच. आणि आवाज थांबला.